रेकॉर्डिंगचा पीसी बांधताना: माइकवाल्याचे पार्ट्स वेगळे, व्हीएसटीवाल्याचे वेगळे

घरी रेकॉर्डिंगसाठी पीसी असेंबल करायचा म्हटलं की सगळे आधी प्रोसेसरवरच येतात, पण त्याआधी एक गोष्ट ठरवा, तुम्ही माइकसमोर गाणार-वाजवणार आहात की सगळं म्युझिक व्हीएसटीतूनच (म्हणजे कॉम्प्युटरमध्येच वाजणाऱ्या सॉफ्टवेअर वाद्यांतून) काढणार आहात? कारण या दोघांचे पार्ट्स खरंच वेगळे निघतात आणि एकाची लिस्ट दुसऱ्याने जशीच्या तशी उचलली की पैसे नको तिथे जातात.

आधी माइकवाल्याचं बघू. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचा एक मोनो ट्रॅक सेकंदाला १४४ केबी लिहितो, म्हणजे १६ ट्रॅक एकदम रेकॉर्डला लावले तरी सेकंदाला अडीच एमबीसुद्धा होत नाहीत. साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या वर देते, त्यामुळे ७००० एमबीवाली एनव्हीएमई (जास्त वेगवान प्रकारची एसएसडी) घेऊन तुमच्या टेकमध्ये (एका दमात केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये) काडीचाही फरक पडणार नाही. व्हीएसटीवाल्याचं उलटं आहे, कॉन्टॅक्टसारखा सॅम्पलर (खऱ्या वाद्यांचे रेकॉर्ड केलेले सूर वाजवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक सॅम्पलची, म्हणजे त्या रेकॉर्ड केलेल्या सुराची, फक्त सुरुवात रॅममध्ये भरून ठेवतो आणि बाकीचं वाजवता वाजवता डिस्कवरून ओढतो, तिथे चांगली एनव्हीएमई आणि भरपूर रॅम दोन्ही उपयोगी येतात. माइकवाल्याला १६ जीबीत भागतं, व्हीएसटीवाल्याने ३२ च्या खाली जाऊ नये, आणि पूर्ण ऑर्केस्ट्राच्या लायब्रऱ्या असतील तर सरळ ६४. फक्त डीडीआर५ असेल तर ३२ च्या दोन स्टिक घ्या, १६ च्या चार नको, चारही स्लॉट भरले की बहुतेक वेळा स्पीड खाली आणावा लागतो.

आता प्रोसेसर. कॉम्प्युटर आवाज छोट्या तुकड्यांत हाताळतो, त्या तुकड्याला बफर म्हणतात. १२८ सॅम्पलचा (इथे सॅम्पल म्हणजे आवाजाचं एक मोजमाप) बफर ४८ किलोहर्ट्झला साधारण २.७ मिलिसेकंदांचा असतो, तेवढ्या वेळात सगळ्या ट्रॅकचं गणित संपलं पाहिजे आणि दर वेळी संपलं पाहिजे, एकदा जरी चुकलं तरी टक्क आवाज येतो. म्हणूनच टास्क मॅनेजरमध्ये ३० टक्के दिसत असताना पण क्रॅकल येतात, आणि लोक गोंधळतात. त्यात एका ट्रॅकवरचे प्लगइन (आवाजाला इफेक्ट देणारी छोटी सॉफ्टवेअर) एकामागोमाग चालतात, त्यामुळे ती पूर्ण साखळी बहुतेक वेळा एकाच कोरवर पडते, म्हणून नुसते कोर मोजू नका, एक कोर किती वेगवान आहे तेही बघा.

रायझन ७ ९७००एक्स आणि इंटेलचा कोअर आय५ १४६००के, माझ्या मते निवड या दोघांत करावी. ९७००एक्समध्ये ८ कोर, सगळे एकसारखे, टीडीपी (कंपनीने सांगितलेली उष्णतेची पातळी) ६५ वॉट. १४६००केमध्ये ६ मोठे आणि ८ छोटे असे १४ कोर, पण जोर लावला की १८१ वॉटपर्यंत जातो. खूप ट्रॅक, खूप इन्स्ट्रुमेंट्स असतील तर ते जास्तीचे कोर कामाला येतात, हे मान्य. पण माइक त्याच खोलीत असेल तर मी डोळे मिटून ९७००एक्स घेईन, कमी उष्णता म्हणजे फॅन हळू, आणि फॅन हळू म्हणजे टेक स्वच्छ. अजून एक, इंटेलच्या १३व्या-१४व्या जनरेशनच्या डेस्कटॉप चिप्समध्ये जास्त व्होल्टेजमुळे अस्थिरता येत होती, २०२४ मध्ये इंटेलने मायक्रोकोडचं (चिपच्या आतल्या सूचनांचं) अपडेट दिलं, तर घेतलात तर पहिल्याच दिवशी बायॉस अपडेट करा (ते त्यातूनच येतं), आणि सेकंडहँड तर नकोच, कारण आधीच खराब झालेली चिप अपडेटने सुधारत नाही.

ग्राफिक्स कार्ड दोघांनाही नको, या दोन्ही प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स आतच आहे (१४६००केएफ मात्र घेऊ नका, त्यात नाही). माझ्या पहिल्या पीसीत मोठं कार्ड होतं, एक अगदी हळू आवाजातलं गाणं रेकॉर्ड केलं आणि कंप्रेसर (हळू आवाज वर आणणारा इफेक्ट) लावल्यावर त्याच्या फॅनची घरघर वर आली, नॉइज काढायला गेलो तर आवाजातला श्वासच गेला, पूर्ण टेक परत गावा लागला. शिवाय कार्डाच्या ड्रायव्हरमुळे मध्येच लेटन्सी (आवाजाला लागणारा उशीर) वाढू शकते, शंका आली तर लेटन्सीमॉन हा ते तपासणारा प्रोग्राम चालवून बघा.

कूलर एअरच घ्या, मोठा टॉवर, १४० एमएमचा फॅन. वॉटर कूलिंगचा पंप पीसी रिकामा बसलेला असताना पण चालूच असतो, आणि ती बारीक गुणगुण कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा माइक) पकडतो. पॉवर सप्लाय असा बघा ज्याचा फॅन कमी लोडवर बंद राहतो.

मदरबोर्डवर फार डोकं लावू नका, इंटरफेस (माइक पीसीला जोडणारा डबा) थंडरबोल्टचा असेल तरच त्या पोर्टची खात्री करा. यूएसबी इंटरफेस बहुतेक यूएसबी २ वरच चालतात आणि त्याची केबल ५ मीटरपर्यंतच धरायची, म्हणून कॅबिनेट ऑर्डर करायच्या आधी टेप घेऊन माइकच्या जागेपासून टॉवर किती लांब ठेवता येतो ते मोजा. तीन-चार मीटर मिळत असतील, मध्ये एखादं कपाट वगैरे असेल, तर साधं जाळीचं कॅबिनेट चालेल. टेबलाखालीच ठेवायचा असेल तर मात्र आतून फोम लावलेलं, बंद पुढच्या बाजूचं घ्या.