लहान आयएसपीसाठी बिलिंग: भाड्याचं पॅनल की फ्रीरेडियस?

तालुक्याच्या गावात फायबरची ३,००० कनेक्शनं सांभाळणाऱ्या आयएसपीपुढे, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या ऑपरेटरपुढे, साधारण दोन वाटा असतात. एक, ग्राहकामागे दरमहा पैसे घेणारं तयार बिलिंग पॅनल. दुसरी, ग्राहकांचं लॉगिन तपासणारं, १९९९ पासून घडत आलेलं मोफत सॉफ्टवेअर फ्रीरेडियस, जोडीला नेटवर्कवर नजर ठेवायला झॅबिक्स किंवा लिब्रेएनएमएस.

कोटेशन पाहिलं की पॅनल महाग वाटतं. ग्राहकामागे ५ रुपये धरले तर महिन्याला १५,००० आणि पाच वर्षांत ९ लाख, वर १८ टक्के जीएसटी. एसएमएस आणि पेमेंट गेटवेचा खर्च दोन्हीकडे येतोच.

फ्रीरेडियसचं लायसन्स फुकट, पण ते बिल बनवत नाही. ते लॉगिन तपासतं आणि वापर नोंदवतं, एवढंच. पावत्या, रिन्यूअल, फ्रँचायझीचा हिस्सा हे सगळं वेगळं उभं करावं लागतं. लिनक्स आणि डेटाबेस जाणणाऱ्या माणसाला महिना १५,००० दिले की पॅनलशी बरोबरी झालीच. शिवाय तो माणूस सोडून गेला तर त्याने केलेली जोडणी दुसऱ्याला समजेल का, हा प्रश्न उरतोच.

खरा फरक लॉगमध्ये, म्हणजे कोणत्या ग्राहकाने कधी कोणता आयपी पत्ता वापरला याच्या नोंदींमध्ये पडतो आणि कोटेशनमध्ये तो बहुधा नसतो. डिसेंबर २०२१ मध्ये आयएसपीच्या सरकारी परवान्यात झालेल्या दुरुस्तीनंतर या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. एक पब्लिक आयपी (इंटरनेटवर दिसणारा पत्ता) अनेक घरांत वाटला असेल, तर त्या पत्त्याचा कोणता पोर्ट (उपक्रमांक) कोणाकडे होता तेही सांगता आलं पाहिजे. एका घराची दिवसाला १०,००० सेशन्स (इंटरनेटवरच्या एकेक जोडण्या) धरली तर ३,००० घरांच्या मिळून लॉगमध्ये रोज ३ कोटी ओळी होतात. ओळीला १५० बाइट म्हटलं तर रोज साडेचार जीबी, दोन वर्षांत ३.३ टीबी. बॅकअप त्याहून वेगळा. प्रत्येक ग्राहकाला पोर्टचा ठरलेला गट दिला तर कोणता पोर्ट कोणाकडे होता याच्या नोंदी खूपच कमी होतात, आणि ही सोय दोन्ही वाटांवर करता येते. पॅनलवाल्याला मात्र लॉगची साठवण दरात धरली आहे का, हे लेखी विचारा.

माझं मत: हाताशी भरवशाचा माणूस नसेल तर पॅनलच घ्या. ग्राहक वाढत गेले की ग्राहकामागचं भाडंही वाढतं, माणसाचा पगार त्या प्रमाणात वाढत नाही. तेव्हा फ्रीरेडियसचा विचार जरूर करा. तो दिवस येईल असं धरूनच करारात लिहून घ्या की ग्राहकांची यादी, शिल्लक रक्कम, जुने लॉग आणि पीपीपीओईचे (ग्राहकाच्या राउटरमधल्या इंटरनेट लॉगिनचे) पासवर्ड वापरता येतील अशा फाइलमध्ये परत मिळतील. पासवर्ड मिळाले नाहीत, तर राउटरमध्ये नवे टाकायला कामावरच्या मुलांना घरोघर पाठवावं लागू शकतं.