बुनियनच्या ऑपरेशननंतरचे बूट: सपाट, टाचेवरचा की पोटरीपर्यंतचा?

बुनियन म्हणजे पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला बाहेर आलेला हाडाचा उंचवटा. त्याच्या ऑपरेशनसाठी सर्जिकल दुकानात जाऊन "पायाच्या ऑपरेशननंतर घालायचा बूट द्या" म्हटलं, की काउंटरवर चारपैकी कुठलाही येऊ शकतो: सपाट कडक तळाचा, फक्त टाचेखाली जाड असलेला, पोटरीपर्यंत चढणारा वॉकर बूट किंवा प्लास्टरवर घालायचा कास्ट शू. चारही वेल्क्रोचे, बहुतेक काळे किंवा निळे, लांबून सारखेच. कामं मात्र पूर्ण वेगळी. म्हणून दुकानात जाण्याआधी सर्जनला दोन प्रश्न विचारून उत्तर कागदावर लिहून घ्या: हाड नेमकं कुठे कापणार आहात, आणि चवड्यावर भार कधीपासून चालेल?

पहिल्या प्रश्नावर सगळं ठरतं. शेवरॉन पद्धतीत अंगठ्यामागच्या लांब हाडाचं, म्हणजे पहिल्या मेटाटार्सलचं, पुढचं टोक इंग्रजी व्ही आकारात कापून सरकवतात. स्कार्फमध्ये त्याच हाडाचा दांडा इंग्रजी झेड आकारात लांब कापतात. ॲकिनमध्ये अंगठ्याच्या स्वतःच्या हाडातून छोटी पाचर काढतात, आणि ती बरेचदा आधीच्या दोहोंपैकी एकाच्या जोडीने होते. या तिन्हींत कापलेले तुकडे स्क्रूने पक्के बसवलेले असतील, तर कडक तळाच्या बुटात टाचेवर भार देत लवकर चालू देतात. लॅपिडसची गोष्ट निराळी. तिथे पायाच्या मध्यावरचा सांधाच कायमचा जोडून टाकतात. तो जुळेपर्यंत काही आठवडे पाय अजिबात टेकवू नका असं बरेच सर्जन सांगतात, आणि मग गाठ पडते वॉकर बुटाशी.

सपाट बूट आधी घेऊ, कारण बहुतेकांना तोच लागतो. वरचा भाग कापडी, बोटांकडे उघडा, दोन किंवा तीन पट्ट्या. त्याची सगळी किंमत तळात आहे. चालताना टाच उचलली की पाय चवड्यापाशी वाकतो, आणि शरीराचा भार अंगठ्याच्या मुळाशी, नेमका कापलेल्या हाडावर येतो. तळ कडक असला तर तो वाकत नाही. पुढून थोडा वर वळलेला असला तर पाऊल त्यावरून पुढे कलतं आणि अंगठ्याला जोर लावावा लागत नाही. दुकानातच तपासा: एका हाताने टाच, दुसऱ्याने पुढचं टोक धरा आणि दोन्ही हातांनी जोर लावून वाकवा. चवड्याच्या जागी बूट दुमडला, तर आत कितीही मऊ वाटला तरी परत ठेवा. विक्रेते मऊपणा दाखवतात, कारण हाताला तोच आधी जाणवतो. इथे मऊ तळ म्हणजे दोष.

दुसरी गोष्ट मापाची. असे बूट छोटा, मध्यम, मोठा अशा मापांत येतात, आणि बरेच मॉडेल डाव्या-उजव्या दोन्ही पायांना चालतात. नेहमीच्या चपलेचा नंबर सांगून भागत नाही, कारण बँडेजने पाऊल रुंद आणि उंच होतं. सर्वांत लांब बोटापुढे तळ किमान १ सेंटीमीटर उरला पाहिजे. वाकड्या बोटात, म्हणजे हॅमर टोमध्ये, बोट सरळ धरायला घातलेली तार टोकातून बाहेर आलेली असेल तर २ सेंटीमीटर, नाहीतर दाराच्या चौकटीला पहिला धक्का तारेलाच बसेल. पुढचं टोक निमुळतं नको, चौकोनी हवं. पट्टी अंगठ्याच्या आतल्या बाजूच्या टाक्यांवर येत नाही ना, तेही पाहा. येत असेल तर पट्ट्यांची जागा बदलता येणारा बूट शोधा. पट्टीखाली कापसाचा गोळा सारून भागवू नका, त्याने दाब एकाच जागी वाढतो. वेल्क्रोत धागे आणि केस अडकले की पकड जाते. जुन्या टूथब्रशने साफ केलं की परत धरतो.

तिसरी गोष्ट, जी पाकिटावर कुठेच नसते: उंची. असा बूट साधारण २ ते ३ सेंटीमीटर जाड असतो. आपल्याकडे घरात अनवाणी वावरतात, त्यामुळे एक पाय उंच, दुसरा जमिनीवर, आणि आठवड्याभरात कंबर आणि दुसऱ्या बाजूचा खुबा दुखू लागतो. दुसऱ्या पायासाठी तेवढ्याच उंचीचा स्पोर्ट्स शू धुऊन पुसून फक्त घरात घालायला ठेवा. 'घरात चपला नाहीत' हा नियम या काळात मोडायला हवा. सर्जिकल बूट उंबऱ्याबाहेर काढून लंगडत स्वयंपाकघरात जाणं हेच सगळ्यांत जास्त घडतं, आणि नेमकं त्याच वेळी चवड्यावर पूर्ण भार पडतो. आणखी एक त्रुटी: फोमच्या तळाचे स्वस्त बूट ओल्या फरशीवर घसरतात. खाली रबराची खाचेदार पट्टी असलेलाच घ्या.

टाचेवरच्या बुटाची शिफारस इतक्या मोकळेपणाने करता येत नाही. डार्को कंपनीचा ऑर्थोवेज हा या प्रकारातला ओळखीचा नमुना. त्यात पाऊल १५ अंश वर कललेलं राहतं, चवडा अधांतरी आणि सगळा भार टाचेवर. चवड्यावरचा भार खरोखर कमी करायचा असेल तर हा बूट ते काम चोख करतो. पण वापरणाऱ्याकडून तो दोन गोष्टी मागतो. एक म्हणजे तोल. तळाचा आधार अर्ध्यावर आल्याने साठी ओलांडलेले, मधुमेहामुळे तळव्याची संवेदना गेलेले किंवा चक्कर येणारे यांच्यासाठी तो धोक्याचाच. दोन्ही पायांचं ऑपरेशन एकदम झालं असेल तर दोन्हीकडे हा बूट नकोच. दुसरी म्हणजे पोटरीची लवचिकता. पोटरी आखडलेली असेल तर पाऊल सतत वर कललेलं राहिल्याने टाचेमागे आणि पोटरीत ओढ बसते, आणि माणूस दुखणं टाळायला पाऊल पुढे टेकवतो. बूट पायात असूनही त्याचा हेतू तिथेच संपतो.

हा बूट सर्जनने सांगितलाच असेल तर चाल बदलावी लागते. ऑपरेशनचा पाय लहान पावलाने पुढे, दुसरा त्याच्या बरोबरीला, त्याच्या पुढे नाही. दुसरा पाय पुढे गेला की मागे राहिलेला बूट टोकावर टेकतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी, एक हात कठड्यावर, आणि दोन्ही पाय एका पायरीवर आल्याशिवाय पुढची पायरी नाही. तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्याने हे ऑपरेशनच्या आधी एकदा चढून-उतरून पाहिलेलं बरं. हाड स्क्रूने पक्कं बसवलेलं असेल तर यापेक्षा सपाट कडक बूट चालेल का, हे सर्जनला सरळ विचारा. अनेक जण होच म्हणतात.

वॉकर बूट मुख्यतः लॅपिडससाठी. तो जड असतो, गरम होतो, आणि उन्हाळ्यात आतला घाम टाक्यांच्या आसपासच्या त्वचेला त्रास देतो. काढून धुता येणारं अस्तर असेल तरच घ्या, आणि आत लांब सुती मोजा घाला. पट्ट्या खालून वर आवळायच्या, टाच मागे पूर्ण टेकवून. वरून सुरुवात केली की टाच आत वर-खाली सरकते आणि मागे फोड येतो. हवेची पिशवी असलेल्या मॉडेलमध्ये बोटांना मुंग्या आल्या तर आधी हवा सोडा. पाय टेकायचाच नाही त्या दिवसांसाठी गुडघ्यावर टेकून चालवायची स्कूटर परदेशातल्या सपाट, रुंद घरांत छान चालते. आपल्या फ्लॅटमधले उंबरे आणि अरुंद बाथरूम तिला अडवतात. त्यापेक्षा घडीचा वॉकर, म्हणजे हातांनी धरून चालायची चौकट, घ्या. सरळ उभं राहून हात खाली सोडले की वॉकरची मूठ मनगटाच्या रेषेत आली पाहिजे. दुकानात जाताना बाथरूमच्या दाराची रुंदी मोजून न्या. दारातून न जाणारा वॉकर घरी आणला जातो तो हे न मोजल्यानेच. कास्ट शू मात्र या कामाचा नाहीच. प्लास्टर नसलेला पाय त्यात इकडे-तिकडे सरकतो.

आता बुटासोबत काउंटरवर दाखवल्या जाणाऱ्या बाकीच्या वस्तू. बोटांमधला सिलिकॉन स्पेसर पहिल्या दिवसांत लागत नाही, कारण अंगठा सरळ धरून ठेवण्याचं काम ड्रेसिंगच करत असतं. म्हणूनच ती पट्टी घरी उलगडायची नाही, कितीही सैल किंवा मळकट वाटली तरी. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघाले, त्वचा पूर्ण मिटली आणि सर्जनने सांगितलं की मगच स्पेसर, आणि तोही पातळ. जाड स्पेसर अंगठ्याला उलट बाजूला आणि शेजारच्या बोटाला बाहेर ढकलतो. 'बुनियन करेक्टर' नावाने मिळणारा रात्रीचा पट्टा ऑपरेशननंतर स्वतःच्या मनाने अजिबात लावू नका.

तार असलेल्यांसाठी एक स्वस्त आणि उपयोगी वस्तू म्हणजे टोकावर बसणारं प्लास्टिकचं टोपण. ते हॉस्पिटलमधूनच मागून घ्या. रात्री चादर तारेत अडकू नये म्हणून पलंगाच्या पायथ्याशी पुठ्ठ्याचं खोकं ठेवा आणि चादर त्यावरून सोडा. तार बाहेर सरकलेली दिसली तर आत ढकलू नका. स्वच्छ गॉज लावून फोन करा. ती बहुधा ४ ते ६ आठवड्यांनी ओपीडीतच काढतात. त्यानंतरही ते बोट काही महिने जाड दिसतं, आणि त्यात काळजीचं काही नसतं.

पाण्यापासून वाचवणारं कव्हर घ्यायचं तर पोटरीवर बसणारी रबरी कड असलेलं घ्या. नुसत्या नाडीच्या पिशवीत पाणी शिरतं. आपली अंघोळ बादलीची, आणि बसकं स्टूल घेऊन बसलं की पाय थेट साचलेल्या पाण्यात. त्यापेक्षा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसा, पाय दुसऱ्या स्टुलावर पाण्याच्या धारेपासून दूर. ड्रेसिंग भिजलं तर हेअर ड्रायरने वाळवत बसू नका, बदलून घ्या. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवं बसलं की बोटं पूर्ण मागे वाकतात आणि भार चवड्यावर येतो, म्हणून हाड जुळेपर्यंत कमोडची खुर्ची भाड्याने आणा. कमोड स्टँड भाड्याने मिळत असेल तर विकत घेऊ नका. वज्रासनाला तर कित्येक महिने सुट्टी.

पाय उंच ठेवायला उतरत्या आकाराची उशी चांगली, पण ती पोटरीखाली हवी आणि टाच मोकळी. टाच तासन्‌तास दाबली गेली तर तिथे जखम होते. पाऊल हृदयापेक्षा वर असायला हवं, त्यामुळे सोफ्यावर बसून समोरच्या टीपॉयवर ठेवलेला पाय पुरेसा उंच नसतो. पहिले दोन आठवडे जेवण आणि संडास सोडून बहुतेक वेळ असाच. बर्फ ड्रेसिंगवरून, मध्ये कापड ठेवून, एका वेळी १५ ते २० मिनिटं. घोट्यात दिलेल्या भुलीचा बधिरपणा असेपर्यंत बर्फ नको, कारण त्वचा पोळली तरी कळणार नाही. पाय खाली सोडल्यावर जांभळट होणं आणि वर घेतल्यावर रंग परत येणं नेहमीचं आहे. वर घेऊनही बोटं पांढरी किंवा निळी, गार राहिली, पोटरी दुखून सुजली, दम लागला, ताप आला किंवा पू दिसला तर वाट पाहू नका.

स्त्रियांनी ऑपरेशनच्या आधी जोडवी काढून ठेवावीत, आणि ती घट्ट झाली असतील तर आठवडाभर आधी सोनाराकडून सैल करून किंवा कापून घ्यावीत. त्या बोटावर काम झालं असेल तर सूज पूर्ण ओसरेपर्यंत परत चढवू नका. पावलाची सूज ३ ते ६ महिने आणि कधी वर्षभरही राहते, हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगितलेलं बरं.

सर्जिकल बूट सुटतो तो एक्स-रे पाहून, साधारण ६ आठवड्यांनी. त्यानंतरची पादत्राणं निवडायची रीत सोपी आहे: नव्या बुटातला आतला तळवा बाहेर काढा, जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहा. एकही बोट कडेबाहेर आलं तर बूट अरुंद आहे. तळ चवड्यापाशी थोडाच वाकणारा, लेस असलेला, बोटांकडे उंच आणि रुंद. संध्याकाळी खरेदी करा, तेव्हा पाय सुजलेला असतो. हवाई चप्पल धरून ठेवायला बोटं आकसावी लागतात, आणि कोल्हापुरीतला अंगठ्यात अडकवायचा पट्टा नेमका नव्या हाडाच्या आसपास घासतो, त्यामुळे दोन्ही सगळ्यांत शेवटी. गाडी चालवतानाही पावलावर जोर येतो: मोटरसायकलवर डाव्या पावलाच्या बोटांनी गिअर वर उचलायचा असतो, तर स्कूटरचा मधला स्टँड पायाने दाबून लावायचा. ऑपरेशन उजव्या पायाचं असेल तर कारचा ब्रेक जोरात दाबता येतो का हे बंद गाडीत बसून आधी पाहा, आणि तसं सर्जनला विचारूनच किल्ली हातात घ्या.