न बोलता जिवंत झालेले खोदयंत्र : 'माइक मलिगन अँड हिज स्टीम शव्हेल'

मेरी ॲन या संपूर्ण पुस्तकात एक शब्दही बोलत नाही. ती वाफेवर चालणारे लाल रंगाचे खोदयंत्र आहे, माइक मलिगन हा तिचा चालक आहे, आणि तरीही पुस्तक मिटल्यावर मुले चौकशी करतात ती बहुधा तिचीच. व्हर्जिनिया ली बर्टन यांनी लिहिलेले आणि त्यांनीच चितारलेले हे पुस्तक १९३९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि आजही नव्या प्रतींच्या रूपात विकत मिळते. निर्जीव वस्तूंना पात्र बनवणाऱ्या चित्रपुस्तकांचा सध्या इतका सुकाळ आहे की, चमच्याला दोन गोल डोळे आणि एक हसरी रेघ काढली म्हणजे काम झाले, असा समज रूढ होऊ लागला आहे. त्या पार्श्वभूमीवर हे जुने पुस्तक पुन्हा वाचताना वस्तूला जीव नेमका कशाने येतो, याचे फार नेमके उत्तर त्यात सापडते.

कथा साधी आहे. माइक आणि मेरी ॲन यांनी मिळून कालवे खणले, रेल्वेसाठी डोंगर कापले, रस्त्यांसाठी टेकड्या सपाट केल्या, विमानतळांची जमीन तयार केली आणि उंच इमारतींची तळघरे खोदली. मग पेट्रोलवर, विजेवर आणि डिझेलवर चालणारी नवी यंत्रे आली आणि वाफेच्या यंत्रांचे काम संपले. इतर चालकांनी आपली यंत्रे भंगारात दिली किंवा जुन्या खाणींत गंजत सोडून दिली. माइकला ते जमले नाही. शहरापासून दूर पॉपरव्हिल नावाच्या गावी नगरभवन बांधायचे आहे असे कळल्यावर तो तिथे जातो आणि तळघर एका दिवसात खोदून देतो, न जमल्यास पैसे नकोत, असा शब्द देतो. हेन्री बी. स्वॉप हा गावचा कारभारी मनातल्या मनात हिशेब करून कुत्सितपणे हसतो आणि होकार देतो.

बर्टन यांची खरी करामत चित्रांत आहे. मेरी ॲनचे डोळे आणि तोंड त्यांनी चालकाच्या खोलीवर न काढता माती उपसणाऱ्या बकेटवर काढले. यंत्राचा जो भाग काम करतो, तोच तिचा चेहरा. त्यामुळे बकेट वर गेली की ती मान वर करून पाहते, खाली झुकली की खिन्न दिसते, आणि मातीत घुसली की तिने घास घेतल्यासारखे वाटते; चित्रकाराला भावना दाखवण्यासाठी यंत्राच्या रचनेत काहीही बदलावे लागत नाही. चेहरा कामापासून वेगळा केला असता तर ती मुखवटा घातलेली मोटार झाली असती. बर्टन यांनी नृत्याचे आणि चित्रकलेचे, असे दोन्ही शिक्षण घेतले होते. पानभर फिरणाऱ्या रेषांमधला तोल आणि वेग पाहताना ते वारंवार जाणवते.

ही समज त्यांना एकदम आली नव्हती. त्यांचे पहिले पुस्तक धुळीच्या एका कणाविषयी होते, म्हणजे तेही निर्जीव वस्तूचेच. तेरा प्रकाशकांनी ते नाकारले. शेवटी हस्तलिखित घरी परत आल्यावर त्यांनी ते साडेतीन वर्षांच्या थोरल्या मुलाला वाचून दाखवले, तर तो ते संपण्याआधीच झोपी गेला. पुढे त्यांनी पुस्तके आपल्या मुलांसमोर वाचत आणि त्यांच्या प्रतिक्रिया पाहत घडवली. थोरल्या मुलासाठी १९३७ साली रेल्वे इंजिनाचे पुस्तक झाले आणि धाकट्या मायकेलसाठी हे. धुळीच्या कणाला करण्यासारखे काही नव्हते, तर इंजिनाला आणि खोदयंत्राला काम होते, हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. लहान मुलाला एखाद्या वस्तूचा स्वभाव समजतो तो तिच्या कामावरून आणि ते काम अडले की काय होते यावरून.

पॉपरव्हिलमधला एक दिवस हा पुस्तकाचा सर्वांत रंगतदार भाग आहे. सूर्य उगवताच खोदकाम सुरू होते. आधी एक लहान मुलगा येऊन उभा राहतो, मग दूधवाला, पोस्टमन, डॉक्टर, शेतकरी, अग्निशामक दल आणि शाळेतली मुले असे सारे जमत जातात. जितके बघे अधिक, तितका या दोघांच्या कामाचा वेग अधिक. मेरी ॲन शंभर माणसांचे आठवड्याचे काम एका दिवसात करते, अशी बढाई माइक नेहमी मारत असे, पण ते खरे आहे की नाही याची त्याची स्वतःचीच खात्री नव्हती, हे लेखिकेने अगदी सहज सांगून टाकले आहे. त्या एका वाक्यामुळे शर्यतीला धार येते, कारण शब्द माणसाने दिला आहे आणि कसोटी मात्र यंत्राची लागणार आहे.

यापुढील मजकुरात शेवट उघड केला आहे, हे वाचकांनी लक्षात घ्यावे. तळघर वेळेत पूर्ण होते, चारही कोपरे काटकोनात येतात, पण घाईत बाहेर येण्याची वाटच ठेवायची राहून जाते. यंत्र तळघरात अडकले आहे, म्हणजे काम पुरे झालेले नाही, म्हणून पैसे मिळणार नाहीत, असे स्वॉप म्हणतो. तेव्हा तो लहान मुलगा उपाय सुचवतो : मेरी ॲनला तिथेच राहू द्यावे, तिच्यावरच नगरभवन बांधावे, तिने इमारतीला ऊब द्यावी आणि माइकने इमारतीची देखभाल करावी. हा चमत्कार नाही. वाफेच्या यंत्रात बॉयलर मुळातच असतो. कोळसा आणि पाणी तेच, फक्त वाफ आता दांडा उचलण्याऐवजी नळ्यांतून खोल्यांकडे जाते. ज्या बॉयलरमुळे ती कालबाह्य ठरली, त्यानेच तिला नवे काम मिळवून दिले, आणि ते पटते याचे कारण लेखिकेने यंत्राचे तंत्र कुठेही मोडलेले नाही.

तरीही या शेवटाबद्दल माझी एक तक्रार आहे. आयुष्यभर डोंगर फोडणारी मेरी ॲन आता कधीच उजेडात येणार नाही, आणि तिला ते चालेल का, हे तिला कोणी विचारत नाही. चित्रातला माइक आरामखुर्चीत पाइप ओढत बसलेला आहे, स्वॉप त्याच्या गोष्टी ऐकायला येतो आणि आता त्याचे हसणेही निवळले आहे. मेरी ॲनच्या वाट्याला फक्त हसरा चेहरा येतो. न बोलणाऱ्या पात्राची ही मर्यादा आहे. (आपल्या लोककथेतल्या भोपळ्याचेही तेच, टुणूक टुणूक तो उडतो, बोलते मात्र आतली म्हातारी.)

याच लेखिकेचे 'द लिटल हाउस' (१९४२) शेजारी ठेवून वाचावे असे सुचवेन. त्याच्या चित्रांना १९४३ चे कॅल्डेकॉट पदक, म्हणजे अमेरिकेत चित्रपुस्तकाच्या चित्रकाराला दिला जाणारा मानाचा पुरस्कार, मिळाले. तिथे खिडक्या डोळे होतात आणि दार-पायऱ्यांतून उरलेला चेहरा उमटतो, पण घराला जागचे हलता येत नसल्यामुळे त्याचे जगणे पाहण्यापुरते उरते : ऋतू येतात-जातात आणि शेतांच्या जागी हळूहळू शहर उभे राहते. मजकुराच्या ओळीही चित्राच्या वळणाने मांडलेल्या आहेत. चित्रांच्या दृष्टीने ते पुस्तक कदाचित सरस ठरेल. चार वर्षांच्या मुलाला मात्र मेरी ॲनच अधिक धरून ठेवेल.

मराठी घरांत वाचताना दोन गोष्टी थोड्या समजावून द्याव्या लागतील. खोदयंत्राची अडचण नाही. आपल्याकडच्या मुलांना जेसीबी चांगलाच ठाऊक असतो आणि रस्त्याच्या कडेला उभे राहून तो पाहणे हा त्यांचा आवडता उद्योग असतो. पण इमारत ऊबदार ठेवण्यासाठी तळघरात भट्टी का लागते, हे मुंबईत किंवा कोकणात वाढणाऱ्या मुलाला उमगत नाही. आजोळी अंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पाहिलेला असेल तर काम सोपे होते, नाहीतर बर्फाळ हिवाळ्यापासून सुरुवात करावी लागते. दुसरी गोष्ट म्हणजे वाफ यंत्राला कशी हलवते. तिची फोड पुस्तकात नाही, ती आपणच करावी. इंग्रजी मजकूर सोपा असल्यामुळे पाने उलटत मराठीत सांगत जाणे अवघड नाही. चार ते सात हे वय त्यासाठी योग्य वाटते.

प्रत घेताना शक्यतो मोठ्या आकाराची पुठ्ठा-बांधणीची घ्यावी, कारण गर्दीची चित्रे बारीक तपशिलांनी भरलेली आहेत आणि लहान आकारात माणसे ओळखू येत नाहीत. मुलगा उपाय सुचवतो त्या पानावरची छोटी तळटीपही वाचून दाखवावी. शेवट सुचत नसताना ही कल्पना ओळखीतल्या डिकी बर्कनबुश या मुलाने दिली होती, आणि लेखिकेने त्याचे आभार तिथेच, नावानिशी छापले आहेत.