सी-स्पॅनची व्हिडिओ लायब्ररी: जोखीम शिकायची तर इथे

आमच्या रिस्क विभागात कोणी नवीन रुजू झालं, की मी आधी पुस्तक हातात ठेवत नाही. सी-स्पॅनच्या व्हिडिओ लायब्ररीची लिंक पाठवतो. 1979 पासून अमेरिकी संसदेचं कामकाज दाखवणारी ही वाहिनी सरकारी नाही, केबल कंपन्यांच्या पैशावर चालते. 1987 पासूनचं चित्रीकरण तिथे साठवलेलं आहे.

सुरुवात आर्थिक संकटावरच्या 23 ऑक्टोबर 2008 च्या सुनावणीपासून करा. लेहमन ब्रदर्स ही बडी अमेरिकी बँक बुडून जेमतेम सव्वा महिना झालेला. प्रतिनिधीगृहाच्या समितीचे अध्यक्ष हेन्री वॅक्समन, समोर साडेअठरा वर्षं फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, सांभाळलेले ॲलन ग्रीनस्पॅन. वॅक्समन त्यांना त्यांचीच जुनी विधानं वाचून दाखवतात आणि सरळ विचारतात, तुमचं चुकलं का? ग्रीनस्पॅन म्हणतात, अंशतः. स्वतःच्या भागधारकांच्या हितासाठी तरी बँका जोखीम सांभाळतील, हे त्यांनी धरून चाललेलं गृहीतकच फसलं होतं. वॅक्समन काही अर्थतज्ज्ञ नव्हेत, पण एखादं रिस्क मॉडेल तपासताना हाच प्रश्न विचारावा लागतो: यात काय गृहीत धरलंय, आणि ते खोटं ठरलं तर?

मग मागे, नोव्हेंबर 1999 मध्ये जा. ठेवी घेणाऱ्या बँका आणि गुंतवणूक बँका यांच्यात भिंत घालणारा 1933 चा ग्लास-स्टीगल कायदा सैल करणारं विधेयक सिनेटमध्ये 90 विरुद्ध 8 मतांनी मंजूर झालं. त्या आठांतले नॉर्थ डकोटाचे बायरन डॉर्गन सांगत होते, दहा वर्षांनी आपण मागे वळून बघू आणि म्हणू, हे करायला नको होतं. आता ही क्लिप सगळे भविष्यवाणी म्हणून फिरवतात. मला ते तितकंसं पटत नाही. बेअर स्टर्न्स आणि लेहमन या निव्वळ गुंतवणूक बँका. जुनी भिंत शाबूत असती तरी त्या बुडाल्याच असत्या. डॉर्गन यांची काळजी रास्त होती, बोट मात्र थोडं बाजूला पडलं.

प्रतिनिधीगृहाच्या समित्यांमध्ये एकेका सदस्याला साधारण पाचच मिनिटं मिळतात. त्यातली चार भाषणात जातात. ते खुशाल पळवा. उलट 27 एप्रिल 2010 ची गोल्डमन सॅक्स या गुंतवणूक बँकेवरची सिनेटची सुनावणी दहा तासांहून लांब, तरी सिनेटर कार्ल लेव्हिन यांचा भाग सोडू नका. कंपनीच्याच ईमेलमध्ये टिंबरवुल्फ नावाच्या व्यवहाराला हासडलेली शिवी ते पुन्हा पुन्हा वाचतात आणि विचारतात, मग हाच माल ग्राहकांना विकत का राहिलात? विक्री विभागात बसणाऱ्यांनी हे जरूर बघावं.

आपल्याकडे समित्यांच्या साक्षी अशा बघायची सोय नाही, याचं वाईट वाटतं. 2001 च्या शेअर घोटाळ्यावरच्या संयुक्त संसदीय समितीचा अहवाल आहे, पण बैठका बंद दाराआड. साक्षीचं सार कळतं. कोण कुठे अडखळला, ते कळत नाही.

साइटबद्दल एवढंच: सोबतचा मजकूर थेट प्रसारणातल्या सबटायटल्सचा, न तपासलेला. नावांचे हाल झालेले असतात. त्यामुळे शब्द टाकून शोधण्यापेक्षा सदस्याचं नाव आणि तारीख टाका, लवकर सापडतं.