थेंब पळवायचं किट: बोर्ड भारी, फिल्म भंगार

पुतणी नववीला आहे, तिला सायन्स एक्झिबिशनला ज्वालामुखी अन ठिबक सिंचन सोडून कायतरी वेगळं पाहिजे होतं म्हणून हे ऑनलाइन मागवलं, साडेचार हजार गेले, परभणीला यायला अकरा दिवस. आत एक छोटा बोर्ड, त्यावर ३ मिमीचे सोनेरी चौकोन ओळीनं, मोबाईलच्या चार्जरवर चालतंय पण आतला बूस्टर २५० व्होल्टपर्यंत नेतो, आणि वर चिकटवायला एक टेफ्लॉनची फिल्म. फिल्मवर पाण्याचा थेंब ठेवायचा, शेजारच्या चौकोनाला व्होल्टेज दिलं की थेंब तिकडं सरकतो. पंप नाही, नळी नाही.

पहिल्या दिवशी सरकलाच नाही. जागेवर नुस्ता थरथरायलाय, पुतणी म्हणे काका ह्याला थंडी वाजायली.

दोन दिवस डोकं खाल्लं तवा कळलं की बोर्डात काहीच खोट नाही, घोळ सगळा फिल्मचा. टेफ्लॉनवर थेंब गोल बसतो हे खरं पण गोल बसणं वेगळं अन घसरणं वेगळं, त्याची कड बारीक खरबरीत जागेला धरून बसते. वरून फिल्म जाड, अन इन्सुलेशन जितकं जाड तितका जोर कमी. फिल्म काढून टाकावी म्हणलं तर तेही जमत नाही, उघड्या धातूवर थोड्याच व्होल्टला पाण्याचं इलेक्ट्रोलिसिस होऊन बुडबुडे निघतात. वीज दिली की पाऱ्याचा पृष्ठताण बदलतो हे लिपमन ह्या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८७५ लाच दाखवलं होतं, पण पाण्यासाठी मधे पातळ इन्सुलेशन घालायची युक्ती ब्रूनो बर्ज ह्या फ्रेंच संशोधकाची, १९९३ ची.

मग जुगाड केला. किचनमधली क्लिंग फिल्म घेतली, ती साधारण १० मायक्रॉनची असते, अन जिमवाल्या मित्राकडून ट्रेडमिलचं सिलिकॉन ऑइल आणलं, एक थेंब फिल्मच्या खाली (हवा राहू द्यायची नाही) अन एक वरून पुसून घेतला. ही आयडिया घटपर्णीची (किडे खाणारं झाड), तिच्या ओल्या काठावरून किडा घसरून आत पडतो ना, तसाच तेल मुरवलेला निसरडा पृष्ठभाग हार्वर्डवाल्यांनी २०११ ला केला. बस्स, थेंब असा पळायला लागला की पुतणी किंचाळलीच.

थेंब केवढा घ्यायचा हे मॅन्युअलमधे कुठंच नाही. तो शेजारच्या चौकोनावर थोडा तरी चढलेला पाहिजे, नाहीतर त्याला शेजारी कोण हे कळतच नाही. मी ४० युनिटवाली इन्सुलिनची सिरींज वापरली, एक युनिट म्हणजे २५ मायक्रोलिटर, दीड युनिटला मस्त चालतंय. जे लिहिलंय ते पण चुकीचं, म्हणे प्लस-मायनस उलटं झालं तर थेंब उलटा जाईल. अहो जोर व्होल्टेजच्या वर्गावर असतो, उलटं लावा नाहीतर सुलटं, थेंब तिकडंच जाणार!

बोअरचं पाणी अजिबात घेऊ नका, आपल्याकडचं खारं पाणी वाळलं की पांढरं कडं राहतं अन पुढचा थेंब तिथंच अडकतो. आरओचं घ्या. साबणाचा हात लागला तर थेंब पसरूनच बसतो. अन हे दुपारी पत्र्याखाली करू नका, उन्हाळ्यात थेंब दहा मिनिटात वाळायला लागतोय. चालू असताना बोर्डाला बोट लावू नका, करंट कमी असला तरी चटका बसतो, मला बसलाय.

एक्झिबिशनला एका टोकाला जास्वंदीच्या पाण्याचा थेंब ठेवला, दुसऱ्या टोकाला लिंबाचा, बटनं दाबत मधे आणून भिडवले अन रंग लालभडक. परीक्षक सर तीनदा करायला लावले.

बोर्डाला ५ पैकी ४, फिल्मला शून्य. फिल्मचे पैसे परत मागितले तर विक्रेत्याचा मेसेज आला, सर फिल्म उलटी लावली असेल. दोन्ही बाजूनं लावून बघितलीय हो.