आत्मप्रौढ साहेबावर उतारा: पानक्रमांकाची बांधीव वही

स्वतःच्या प्रेमात बुडालेल्या वरिष्ठाच्या हाताखाली काम असेल, तर स्टेशनरीच्या दुकानातली सगळ्यांत कामाची वस्तू ही: छापील पानक्रमांकाची, पुठ्ठा बांधणीची वही. स्पायरलची नकोच. त्यातलं पान फाडलं तर कळत नाही, मग नोंदींवर विश्वास कोण ठेवणार?

नोंदीत तारीख, वेळ, हजर कोण, आणि बोललेले शब्द जसेच्या तसे. ‘साहेबांनी अपमान केला’ याचा उपयोग शून्य. ‘माझा तक्ता स्वतःच्या नावाने दाखवला, मीटिंगला पाच जण होते’ हे टिकतं. तोंडी हुकूम आला की त्याच दिवशी मेल टाका, ‘आपण सांगितल्याप्रमाणे शुक्रवारपर्यंत देतो’, आणि मेलची वेळ वहीत टिपा. ‘मी असं म्हणालोच नव्हतो’ ही पळवाट तिथेच बुजते.

थोड्याच आठवड्यांत साचा दिसू लागतो: श्रेय साहेबांचं, खापर तुमच्यावर. ‘साहेबांना नार्सिसिस्टिक (आत्मप्रेमी) व्यक्तिमत्त्व विकार आहे’ असं निदान मात्र वहीत लिहू नका. डीएसएम-5 या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेत त्यासाठी 9 पैकी किमान 5 लक्षणं लागतात, आणि ती तपासणं मानसोपचारतज्ज्ञाचं काम. चारचौघांत ‘नार्सिसिस्ट’ म्हणालात तर तक्रार तुमच्यावरच उलटेल.

वही घरी ठेवा, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये नाही. कागद पातळ असला तर जेल पेनची शाई मागे उमटते. साधं बॉलपेन बरं.