सोशल मीडिया शिस्तीचं ट्रेनिंग: दोन तारे, तेही वकील मॅडममुळे

वाळूजच्या आमच्या कंपनीत सुपरवायझर लोकांसाठी दिवसभराचं ट्रेनिंग ठेवलं होतं. विषय: कामगारांचे स्टेटस, पोस्ट आणि शिस्त. एजन्सीचं नाव लिहीत नाही.

सकाळचं सत्र वाया. ट्रेनर सरांनी पडद्यावर गुडघा टेकलेला अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन कॅपर्निक दाखवला. अमेरिकेत काळ्या लोकांवर होणाऱ्या पोलिसी अत्याचाराच्या निषेधात 2016 ला तो राष्ट्रगीताच्या वेळी असा बसला, आणि 2017 पासून एकाही टीमने त्याला घेतलं नाही. "बघा, करिअर संपलं!" लगेच पुढची स्लाइड. अहो सर, पुढचं कोण सांगणार? 2018 ला नायकीने त्यालाच जाहिरातीत घेतलं. 2019 ला त्याच्या फुटबॉल लीगने (एनएफएल) त्याच्याशी तडजोड केली. 2020 ला मिनियापोलिसमध्ये पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइडचा जीव गेला, तेव्हा लीगच्याच कमिशनरने खेळाडूंचं आधी ऐकलं नाही ही चूक झाली, असं मान्य केलं. मी हे बोललो तर "प्रश्न शेवटी घेऊ". शेवटी सर फीडबॅक फॉर्म वाटत होते.

जेवण बरं होतं. वांग्याची भाजी लई झणझणीत.

खरं ट्रेनिंग जेवणाच्या टेबलावरच झालं म्हणा. परभणीचा विषय निघाला. डिसेंबर 2024 मध्ये संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना, मग बंद, धरपकड आणि न्यायालयीन कोठडीत एका तरुणाचा मृत्यू. तेव्हा आमच्या शॉपफ्लोअरवर अर्ध्या पोरांचे स्टेटस एका बाजूचे, अर्ध्यांचे दुसऱ्या. टेबलावर एकजण म्हणाला, पोलिसांनी कडक वागायलाच पाहिजे. शेजारचा भाकरी मोडता मोडता म्हणाला, "दादा, चौकीत गेलं की तुम्हाला खुर्ची मिळते, आम्हाला आडनाव विचारतात." त्यावर कुणी काही बोललं नाही. ट्रेनर सर तिथंच जेवत होते, त्यांनी ताक मागवलं.

दुपारी वकील मॅडम आल्या आणि पैसे थोडे वसूल झाले. त्यांनी सरळ सांगितलं: संविधानातलं अभिव्यक्ती स्वातंत्र्याचं कलम 19 मुख्यतः सरकारला अडवतं, खासगी मालकाला नाही, अमेरिकेतही तसंच. पण म्हणून सुपरवायझरने गेटवरून पोरगा परत पाठवायचा नसतो. आधी शोकॉज (कारणे दाखवा नोटीस), चार्जशीट (आरोपपत्र), चौकशी. चौकशीपुरतं सस्पेंड केलं तर स्थायी आदेशांप्रमाणे (म्हणजे कामगारांच्या सेवाशर्तींचे नियम) पहिले 90 दिवस अर्धा पगार द्यावा लागतो. मग एक स्टेटस पडद्यावर टाकून विचारलं, यात कंपनीचा गणवेश दिसतो का? आयकार्ड? कंपनीचं नाव? यातलं काहीच नसेल तर नुसतं मत पटलं नाही म्हणून तुम्ही कोणता गैरवर्तनाचा नियम लावणार? मागच्या बाकावरचे मॅनेजर साहेब वहीत डोकं घालून बसले.

एचआरवाल्यांनो, या एजन्सीला बोलवायचं असेल तर फक्त दुपारचं सत्र मागा, आणि दर त्यानुसार पाडून घ्या. आणि मॅडमना दोन तास द्या. आमच्याकडे चहा आला तेव्हा त्या अपिलापर्यंतही पोचल्या नव्हत्या.